उर्वरित

जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या पुणे महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी शहराचे एक्केचाळीस प्रभाग पाडण्यात आले. त्यांतील पहिल्या प्रभागाचे नाव 'कळस-धानोरी-लोहगाव उर्वरित' असे आहे. मराठीचे अध्यापन हा आमचा व्यवसाय असल्याने शब्दांपाशी अडखळण्याची खोड आम्हांला आहे, आणि या नावातील शेवटच्या शब्दापाशी आम्ही पुरते अडखळलो. 'उर्वरित' हा हिशेबाच्या वहीतला शब्द आहे. देणे भागवल्यावर जी रक्कम हाती राहते ती उर्वरित. वैधानिक विकास मंडळांच्या निमित्ताने 'उर्वरित महाराष्ट्र' नावाचा एक प्रदेश शासनाने १९९४ साली निर्माण केला, तेव्हापासून या शब्दाला भूगोलातही जागा मिळाली. लोहगावचा काही भाग महापालिकेत आधी आला, राहिलेला २०१७ साली अकरा गावांबरोबर आला, आणि तो राहिलेला होता म्हणून कागदोपत्री 'उर्वरित' झाला. इथवर कारकुनाची सोय म्हणून समजून घेता येते. पण गाव महापालिकेत येऊन आठ वर्षे उलटल्यावरही ते उर्वरितच? ज्या लोहगावाला तुकोबांचे आजोळ म्हणून वारकरी परंपरा ओळखते, त्या गावच्या माणसाने आपला पत्ता सांगताना मी शिल्लक राहिलेल्या भागात राहतो असे सांगायचे?

शहराचे लहान लहान तुकडे पाडल्यावाचून नगररचना होऊ शकत नाही, हे आम्हांला मान्य आहे. शाळा किती, दवाखाना कुठे, पाण्याची टाकी कोणासाठी, हे ठरवायला आधी 'इथले लोक' म्हणजे कोण, हे ठरवावे लागते. आमचा वाद त्या तुकड्यांशी नसून तुकडे पाडणाऱ्याच्या हाताशी आहे. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या शहरांत हे काम ज्या रीतीने झाले, ती रीत आम्हांला शहराविषयीच्या तुच्छतेची वाटते, आणि साहित्याच्या क्षेत्रातील मंडळी याबाबत मूग गिळून बसली आहेत याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

आधी हिशेब पाहू. पुण्यात २००२ साली तीन सदस्यांचे प्रभाग होते. २००७ साली एका सदस्याचे वॉर्ड आले. २०१२ साली दोन सदस्यांचे प्रभाग झाले, शहात्तर. २०१७ साली चार सदस्यांचे झाले, एक्केचाळीस. मग पुन्हा एकसदस्यीय पद्धतीचा कायदा झाला, तो अंमलात येण्याआधीच तीन सदस्यांचा निर्णय झाला, त्या अठ्ठावन्न प्रभागांचा आराखडा २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यावर हरकती-सूचना झाल्या, आणि सरकार बदलताच तो रद्द झाला. दरम्यान मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, आणि जवळजवळ चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले. शेवटी पुन्हा चार सदस्यांचे एक्केचाळीस प्रभाग, त्यातला एक पाच सदस्यांचा, एकूण जागा १६५. तीन, एक, दोन, चार, तीन, चार. हा क्रम कोणी आमच्या विद्यार्थ्यांसमोर ठेवून पुढची संख्या विचारली, तर उत्तर गणिताच्या शिक्षकाला देता यायचे नाही. ते मंत्रिमंडळात कोण बसले आहे त्यावर अवलंबून आहे. आणि यात सारेच पक्ष आलटून पालटून सामील आहेत, म्हणून कोणा एकाला बोल लावण्याचीही सोय नाही.

या प्रत्येक खेपेला शहराचा नकाशा पुसून नव्याने काढला गेला. काल ज्या रस्त्याच्या दोन्ही बाजू एका प्रभागात होत्या, आज तो रस्ताच सीमा. नदी, नाला, टेकडी, लोहमार्ग, मोठे रस्ते यांना सीमा मानावे. उत्तरेकडून सुरुवात करून ईशान्येकडे, मग पूर्वेकडे असे येत दक्षिणेला शेवट करावा. सरासरी लोकसंख्येच्या दहा टक्के कमी-अधिक चालेल. जनगणनेचा प्रगणक गट फोडू नये. असे निवडणूक आयोगाचे नियम आहेत, आणि कागदावर ते निर्दोष आहेत. फक्त ज्या जनगणनेचे हे गट, ती २०११ सालची आहे. २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. म्हणजे २०२६ च्या मतदाराला मोजण्यासाठी पंधरा वर्षांपूर्वीची माणसे घेतली गेली. या पंधरा वर्षांत वाघोलीपासून आंबेगावपर्यंत शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, आणि मध्यवर्ती पेठांतील वाडे पडून त्यांतले भाडेकरू उपनगरांत गेले. कागदावरचा प्रभाग समतोल आहे, जमिनीवरचा नाही.

सरासरी काढली तर चार सदस्यांच्या एका प्रभागात या जुन्याच मोजणीने ऐंशी हजारांहून अधिक माणसे येतात. महाराष्ट्रातील कित्येक नगरपालिकांची सबंध लोकसंख्या याहून कमी आहे. तिथे नगराध्यक्ष असतो, सभागृह असते, अंदाजपत्रक असते. इथे ऐंशी हजारांना चार प्रतिनिधी मिळतात, आणि त्यांतला आपला कोण हे कोणालाच ठाऊक नसते. ड्रेनेज तुंबले की अ म्हणतो ब कडे जा, ब म्हणतो ते काम क ने सुचवले होते. मुंबईच्या २२७ वॉर्डांना मात्र ही पद्धत लागू नाही. तिथल्या मतदाराला एकच नगरसेवक. मुंबईकराला एक प्रतिनिधी पुरतो आणि पुणेकराला, नाशिककराला, नागपूरकराला चार लागतात, यामागचे नगररचनाशास्त्र कोणी समजावून दिल्यास आम्ही ऋणी राहू.

जाता जाता एक भाषिक निरीक्षण. या चार जागांना अ, ब, क, ड म्हणतात. आमच्या वर्णमालेत अ नंतर आ येतो, आणि क नंतर ख. 'अ, ब, क, ड' हा क्रम इंग्रजी एबीसीडीला मराठी कपडे चढवून तयार झालेला आहे. शासकीय मराठीचा बराचसा भाग याच शिंप्याकडचा आहे. मुंबईने तेवढेही कष्ट घेतले नाहीत. तिथे प्रशासकीय विभाग सरळ ए, बी, सी, डी. पुढे शहर वाढले तशी अक्षरे दुभंगली: जी उत्तर, जी दक्षिण, के पूर्व, के पश्चिम. देवनार, गोवंडी, मानखुर्द म्हणजे एम पूर्व. मुंबईच्या २००९ सालच्या मानवी विकास अहवालात हा विभाग सर्वांत तळाशी होता. 'एम पूर्व तळाशी' हे वाक्य वाचताना कोणाच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते? देवनारच्या कचराभूमीचा धूर त्या अक्षरात नाही. अक्षराला घर नसते, म्हणून त्याची लाजही कोणाला वाटत नाही.

इथे आमचे काही मित्र म्हणतील की यासाठीच जुन्या पेठा बऱ्या होत्या. या मित्रांशीही आमचे भांडण आहे, आणि ते जरा सविस्तर मांडले पाहिजे, कारण पेठांविषयी मराठीत जेवढे हळवे गद्य लिहिले गेले आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाविषयी लिहिले गेले असेल.

पेठ ही काही आपोआप उगवलेली गोष्ट नव्हे. तीही राज्यकर्त्याने पाडलेलीच विभागणी होती. नवी पेठ वसवायची तर शेटे-महाजनांना वतन द्यायचे, व्यापाऱ्यांना काही वर्षे करमाफीचा कौल द्यायचा, आणि वस्ती जमवायची, असा तो व्यवहार होता. नावेही फिरत राहिली. बुधवार पेठ एके काळी मोहियाबाद होती, सोमवार शहापूर, शनिवार मुर्तजाबाद, रविवार मलकापूर, शुक्रवार विसापूर. वारांची नावे पेशवाईत आली. सदाशिव पेठ पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने, नारायण पेठ नारायणरावांच्या, नाना पेठ नाना फडणिसांच्या, रास्ता पेठ रास्ते सरदारांच्या. तेव्हा सत्ताधाऱ्याने आपले नाव वस्तीला देण्याची चाल काही आजची नाही. गंज पेठ ही महात्मा फुले पेठ झाली ती मात्र उलट्या दिशेने, आणि ते योग्यच झाले.

शिवाय पेठ म्हणजे जातीची आणि धंद्याची आखणी होती. कोणी कुठे राहायचे, कोणत्या हौदावर कोणी पाणी भरायचे, हे त्या आखणीत गृहीत होते. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो गंज पेठेत. मुलींची शाळा १८४८ साली काढली ती बुधवार पेठेत, भिडेवाड्यात. या दोन ठिकाणांत पायी फार अंतर नाही. पण शाळेसाठी या पेठेतून त्या पेठेत जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर वाटेत शेण टाकले जात असे, यावरून पेठेची सीमा किती खरी होती ते कळते. 'सदाशिवपेठी' हा शब्द मराठी समीक्षेत शिवीसारखा वापरला गेला, तोही उगीच नव्हे. एका पेठेचा अनुभव सबंध भाषेचा अनुभव म्हणून खपवला गेला, याविरुद्धचे ते बंड होते. म्हणून 'आमच्या पेठेत कसे सगळे एकमेकांना ओळखत' हा सूर कोणी लावला की आम्ही विचारतो, सगळे म्हणजे कोण?

एवढे सारे असूनही एक गोष्ट पेठेच्या बाजूने उरते. ती टिकली. राज्ये बदलली, नावे बदलली, पण पेठेची हद्द दोनअडीचशे वर्षे जवळपास तिथेच राहिली. त्यामुळे तिच्याविरुद्ध भांडता आले. अन्यायसुद्धा कुठे घडला हे बोट ठेवून दाखवता आले. ज्या प्रभागाची हद्द दर पाच वर्षांनी हलते, त्याच्याविरुद्ध भांडायचे कसे? मागच्या नगरसेवकाने काय केले हे विचारावे तर मागचा प्रभागच अस्तित्वात नाही. त्याचे तीन तुकडे तीन दिशांना गेलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा नव्या ठिकाणी उर्वरित असतो.

ज्या वस्तीला लोकांनी नाव दिले पण शासनाने हद्द दिली नाही, तिचे काय होते याचे सर्वांत दुःखद उदाहरण मुंबईत आहे. गिरणगाव हा शब्द मराठी वाचकाला शिकवावा लागत नाही. लालबाग, परळ, शिवडी, भायखळा, वरळी, लोअर परळ असा तो पसारा. त्यात पन्नासहून अधिक गिरण्या, त्यांच्या भोवती चाळी, खाणावळी, तालमी, भजनी मंडळे, शाहिरांचे फड, ग्रंथालये. नारायण सुर्वे यांची कविता तिथली, जयंत पवार यांचे 'अधांतर' तिथले. मराठी साहित्यात ज्याच्याइतका स्पष्ट दुसरा मोहल्ला नाही, तो गिरणगाव महापालिकेच्या एकाही नकाशावर नव्हता. तिथे होते ई, एफ दक्षिण आणि जी दक्षिण. एकाच माणसांची, एकाच धंद्याची, एकाच भोंग्यावर उठणारी वस्ती तीन अक्षरांत वाटून टाकलेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, आणि पुढच्या दशकात गिरण्यांच्या जमिनी हा प्रश्न झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने ढोबळमानाने असे ठरवले की गिरणीची जमीन विकसित करायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक हिस्सा घरांसाठी म्हाडाला, आणि उरलेला मालकाला. नियम जमिनीच्या एकेका तुकड्याला लागू होता. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने वेगळा विचार मांडला. या जमिनी एकेक गिरणी म्हणून न पाहता शेजारच्या जमिनी एकत्र धरून पाहा, म्हणजे मोकळ्या जागा सलग मिळतील, रस्ते सुधारतील, घरे एका जागी बांधता येतील, असा त्याचा आशय होता. दुसऱ्या शब्दांत, गिरणगावाला नगररचनेचा एक घटक माना. ते झाले नाही. २००१ साली नियम असा बदलला की वाटणी फक्त गिरणीच्या आवारात आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची. जिथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीबाहेर. गिरणी म्हणजे बहुतेक बांधकामच, तेव्हा वाटायला उरले काय? उच्च न्यायालयात याविरुद्ध दाद मागितली गेली, तिथे यश आले, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा नियम कायम ठेवला. आज लोअर परळच्या पुलाखालच्या गर्दीत उभे राहिले की नियोजनाचा घटक तुकडा असणे म्हणजे काय, हे अंगाला कळते. प्रत्येक आवारात आपापला मॉल, आपापला मनोरा, आपापली चिमणी जतन केलेली, आणि त्या सगळ्यांना मिळून तोच जुना गिरणी कामगारांच्या पायांसाठी आखलेला रस्ता.

आम्ही असे म्हणत नाही की नकाशावर 'गिरणगाव' लिहिले असते तर हे टळले असते. जमिनीचा भाव एवढा असताना अक्षरांनी फार काही अडत नाही. पण गिरणगाव हा एक मान्य विभाग असता, त्याची एक समिती असती, त्याच्या मोकळ्या जागेचा एक आकडा दर वर्षी छापला जात असता, तर निदान लुटीची नोंद एका ठिकाणी सापडली असती. आज ती शोधायची तर कवितासंग्रह उघडावे लागतात.

उलट बाजूचे उदाहरण नवी मुंबईचे. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि कोऱ्या कागदावर शहर आखायला बसली. फक्त कागद कोरा नव्हता, त्यावर पंचाण्णव गावे होती. शाळा मध्यभागी, मोठे रस्ते कडेला, आत पायी फिरण्याजोगी वस्ती, ही क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ साली अमेरिकेत मांडलेली कल्पना जगभर फिरून आपल्याकडे 'सेक्टर' होऊन आली. कल्पना वाईट नाही. वाशीच्या सेक्टरात मूल रस्ता न ओलांडता शाळेत जाऊ शकते हे कबूल केले पाहिजे. पण सेक्टरांचे आकडे घातले गेले ते आगरी-कोळी गावठाणांना वळसा घालून. गावठाण हे सेक्टरांच्या जाळ्यातले भोक झाले. त्यातली घरे कुटुंबे वाढली तशी वाढली, आणि वाढलेली प्रत्येक भिंत अनधिकृत ठरली. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच माणसे गोळीबारात गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमिनीचा मार्ग मोकळा झाला. ज्यांच्या जमिनीवर शहर झाले, ते त्या शहराच्या आखणीत उर्वरित.

आकड्यांशी आमचे वैर नाही, हेही सांगून टाकतो. कामाठीपुऱ्यातल्या गल्ल्यांना आकडेच आहेत, आणि तिथे आकडा हेच नाव झाले. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा त्याला प्रस्तावना लिहिणाऱ्या विजय तेंडुलकरांसारख्या मुंबईकर लेखकालाही तो प्रदेश अनोळखी होता. एका शहरात राहणाऱ्या दोन माणसांच्या नकाशांत एवढे अंतर असू शकते. आकडा तिथेच राहिला, पिढ्या त्याच्या आत जगल्या, म्हणून तो नाव झाला. प्रभाग क्रमांकाला ती संधीच दिली जात नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. लोकसंख्या हलते, तर मताचे मूल्य समान ठेवण्यासाठी हद्दीही हलल्याच पाहिजेत. खरे आहे. पण हलवायचे काय? विटा तशाच ठेवून भिंत वेगळी रचता येते. मोहल्ला, आळी, वाडी, सोसायट्यांचा समूह, गावठाण, अशी पाचसात हजार वस्तीची एककं एकदा लोकांना विचारून पक्की करावीत, त्यांना लोकांच्या तोंडची नावे द्यावीत, आणि मग निवडणुकीसाठी ती हवी तशी जोडावीत. जनगणना त्याच एककांत, अंदाजपत्रक त्याच एककांत, विकास आराखड्यातील आरक्षणे त्याच एककांत. आज पुण्यात पंधरा क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दी एक, प्रभागांच्या दुसऱ्या, पोलीस ठाण्यांच्या तिसऱ्या, टपालाच्या चौथ्या आणि जनगणनेच्या पाचव्या. आमच्यापैकी एकाला पदपथावरच्या उघड्या चेंबरची तक्रार करायला तीन कचेऱ्या फिराव्या लागल्या आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीवरच्या नकाशात तो चेंबर हद्दीच्या पलीकडे होता. अशा शहरात कोणता आकडा कोणत्या आकड्याशी ताडून पाहायचा?

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली क्रांती नाही. तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असे ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून सांगते. महाराष्ट्राने तिचा अर्थ लावला तो असा की अनेक प्रभाग मिळून एक समिती, आणि त्यात नगरसेवकांखेरीज स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी. केरळात १९९४ च्या कायद्याने एकेका वॉर्डाची सभा वा समिती आली. आपल्याकडेही २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली: मतदान केंद्रांच्या पातळीवर तिथल्या मतदारांची सभा. केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेचा निधी हवा होता म्हणून ती तरतूद झाली, निधी आला, आणि क्षेत्रसभा कायद्याच्या पुस्तकात राहिली. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभेत उभे राहून सरपंचाला जाब विचारता येतो. एम.ए. झालेल्या, कर भरणाऱ्या, वर्तमानपत्रात पत्रे लिहिणाऱ्या शहरी माणसाला ती सोय नाही, आणि ती नाही याची त्याला जाणीवही नाही.

साहित्यिकांचा याच्याशी काय संबंध, असे विचारणारे असतील. नावे देणे हा भाषेचा व्यवहार आहे, आणि तो आपण कारकुनांवर सोपवून मोकळे झालो आहोत. प्रभागरचनेचा मसुदा ऑगस्ट २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा पुण्यातून हजारो हरकती दाखल झाल्या. त्यांतल्या किती साहित्य संस्थांच्या होत्या? परिसंवादात 'महानगरीय संवेदना' या विषयावर आम्ही सारेच तासन्‌तास बोलतो. पण सीमांचे ते वर्णन, 'तेथून नाल्याने पूर्वेस अमुक सोसायटीच्या कुंपणभिंतीपर्यंत, तेथून दक्षिणेस', हा आपल्या शहराविषयीचा या काळातील सर्वांत महत्त्वाचा मराठी मजकूर आहे, आणि तो वाचायची तसदी आमच्या व्यवसायबंधूंनी घेतलेली नाही. पुढची जनगणना २०२७ ची. तिचे प्रगणक गट हेच त्यानंतरच्या प्रभागांच्या विटा ठरणार. प्रत्येक गटाला एक रेखाटलेला नकाशा असतो आणि त्यावर गल्लीचे, वस्तीचे नाव लिहिण्यासाठी जागा असते. मोजणीला आलेली व्यक्ती दारात उभी राहून विचारेल, तेव्हा वस्तीचे नाव तिला नीट सांगावे आणि लिहून घेतलेले वाचून पाहावे.